बायकोच्या तव्यावरचे पॅनकेक

गेल्या हिवाळ्यात आमच्या गल्लीतली तांबडी गाय एकाएकी अंगानं भरू लागली. ती कोणाची, हे गल्लीत कोणालाच नीट माहीत नाही. पण रोज सकाळी नऊच्या सुमाराला ती आमच्याच खिडकीखाली येऊन उभी राहायची, शेजारच्या कोणाच्याही नाही. मी चाळीस वर्षं जळगावच्या एका डाळमिलमध्ये काढली, त्यातली शेवटची पंधरा सुपरवायझर म्हणून. माल कुठून गळतोय हे शोधणं हेच माझं काम होतं. त्यामुळे चार दिवस मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरून ओट्यावर बसलो आणि गाईवर नजर ठेवली. पाचव्या दिवशी गळती सापडली. माझी नात, वय नऊ, खिडकीच्या गजांतून ताटलीतले पोहे एकेक चमचा खाली सोडत होती आणि गाय ते रस्त्यावर पडूही देत नव्हती.

त्या दिवसांत घरात सकाळी आम्ही दोघंच असायचो. बायको धुळ्याला गेली होती. आमची मुलगी तिथे दिली आहे. तिचं दुसरं बाळंतपण, डॉक्टरही तिथलाच, म्हणून ती माहेरी येण्याऐवजी तिची आईच तिकडे गेली. सून सकाळच्या शाळेत शिकवते, साडेसहाला घराबाहेर पडते. मुलगा पाइपच्या कारखान्यात, त्याची पहिली पाळी. नातीची शाळा मात्र बाराची. सून बिचारी पहाटे उठून पोहे नाहीतर उपमा करून झाकून ठेवायची आणि नात उठेपर्यंत त्याचा दगड व्हायचा. आजी असताना तिला गरम मिळायचं. आजी गेली आणि गाईचं नशीब उघडलं.

मी नातीला समोर बसवलं. एक सांगायला हवं, ती खोटं बोलत नाही. अडचणीचा प्रश्न आला की ओठ आत ओढून घेते आणि छताकडे बघत बसते. तेव्हाही तिनं तेच केलं. मग मी विचारलं, की पोहे नको तर काय हवं? त्यावर छत सोडून ती लगेच खाली आली.

"पॅनकेक," ती म्हणाली.

एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला तिनं ते खाल्ले होते. पॅनकेक म्हणजे काय, हे तिनं मला मोबाइलवर व्हिडिओ लावून दाखवलं. मी दोन मिनिटं पाहिलं आणि म्हटलं, हे तर धिरडं आहे. तिला ते अजिबात पटलं नाही. धिरडं पातळ असतं, त्याच्याबरोबर चटणी असते. पॅनकेक जाड आणि मऊ असतो, एकावर एक रचतात आणि वरून मध सोडतात, असा फरक तिनं मला बोटांवर मोजून सांगितला. मी मान्य केलं. करार झाला, मी पॅनकेक करायचे आणि तिनं गाईचा रतीब बंद करायचा.

संध्याकाळी सुनेला सांगितलं तेव्हा तिनं आधी माझ्याकडे बघून घेतलं. मग अटी घातल्या. मैदा नाही, साखर नाही, आणि गॅस बंद केला का ते दोनदा बघायचं. जाता जाता म्हणाली, "आणि आबा, तुमची शुगर लक्षात ठेवा." शेवटची सोडून बाकीच्या अटींना मी मान डोलावली.

खरं सांगायचं तर सदुसष्ट वर्षांच्या आयुष्यात मी गॅस फक्त चहासाठी पेटवला होता. तेही बायको झोपलेली असेल तेव्हाच. स्वयंपाकघर तिचं. आम्ही दोघं एकमेकांशी खान्देशीत बोलतो, मुलांशी आणि नातीशी शहरी मराठीत. पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ती माझ्याशी कुठल्याच भाषेत बोलत नाही, नुसता हात दाखवते. वीस वर्षांपूर्वी मी तिला मदत करायला गेलो होतो आणि शिटी न लावता कुकर चढवला होता. वरण छतापर्यंत गेलं. त्याचा डाग रंग दिला तरी अजून वर येतो. धुळ्याला निघताना तिनं दोन सूचना दिल्या होत्या. माझ्या गोळ्या वेळेवर घ्यायच्या आणि तिच्या तव्याला कोणी हात लावायचा नाही.

तिचा तवा म्हणजे बिडाचा, जड, काळाभोर. लग्नाच्या वर्षी तिनं धुळ्याच्या बाजारातून आणला होता. त्यावर धिरडं टाकलं की कड आपोआप सुटते. तो ती साबणानं धूत नाही, कोणाला धुऊही देत नाही. काम झालं की फडक्यानं पुसायचा, तेलाचं बोट फिरवायचं, जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळायचा आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवायचा. हे मी चौतीस वर्षं पाहत होतो, पण लक्ष दिलं नव्हतं.

पहिल्या दिवशी म्हणूनच मी सुनेचा नॉनस्टिक तवा घेतला. पिठाचा प्रश्न मी आधीच सोडवला होता. पीठ, डाळ यांतलं मला कळतं. व्हिडिओतली बाई मैदा घेत होती, तिला मी तिथेच सोडलं. एक वाटी गव्हाचं पीठ, अर्धी वाटी दादरचं पीठ, म्हणजे आमच्याकडची हिवाळी ज्वारी, आणि मूठभर मुगाच्या डाळीची चुरी रात्री भिजवून सकाळी वाटलेली. चुरी म्हणजे डाळ फोडताना पडणारे बारीक तुकडे. लोक ती हलकी समजतात, पण चवीला ती अख्ख्या डाळीइतकीच असते, हे मिलमध्ये उमेदवारी केलेल्या माणसाला विचारा. गोडीसाठी केळं. जळगावात राहून केळ्याला कोण विचारतो, पण सालीवर काळे ठिपके आलेलं, जे बायको दाराबाहेर ठेवून देते, तेच मला हवं होतं. दोन चमचे दही, चिमूटभर मीठ, चिमूटभर सोडा. नातीनं सगळं पळीनं ढवळलं आणि दहा मिनिटं घड्याळ लावून ठेवलं.

पीठ चांगलं जमलं होतं. गोंधळ उलटताना झाला. पॅनकेक एका बाजूनं धरून बसला, म्हणून मी स्टीलचं उलथणं घेतलं आणि मिलमधल्या पोत्याखाली फावडं घालावं तसं घातलं. पॅनकेक निघाला. त्याच्याबरोबर तव्याचा काळा लेपही दोन ठिकाणी निघाला. नात म्हणाली की तो लेप पोटात गेला तर वाईट, तिच्या मम्मीनं सांगितलंय. आम्ही तो पॅनकेक फेकला आणि तवा भांड्यांच्या रॅकमध्ये सगळ्यात मागे, चाळणीच्या पाठीमागे उभा केला.

आता उरलेल्या पिठाचं काय करायचं? पातेलं भरून पीठ होतं, मूल उपाशी होतं आणि खिडकीखाली गाय येऊन उभी राहिली होती. मी वरच्या फळीकडे पाहिलं. नातीनंही पाहिलं.

"आजी नाही म्हणाली होती," ती म्हणाली.

मी म्हटलं, आजी म्हणाली होती कोणी हात लावायचा नाही. आपण फडक्यानं धरू.

हे तिला कायद्यानं बरोबर वाटलं असावं, कारण स्टूल तीच घेऊन आली.

त्या तव्यावर जे घडलं ते मी विसरणार नाही. तेलाचा एक थेंब, पळीभर पीठ, झाकण. वर बुडबुडे आले, फुटले, कड सुकली, आणि उलथणं लावायच्या आधीच पॅनकेक सरकला. रंग बाजारच्या बिस्किटासारखा. नातीनं पाच खाल्ले. वरून मध फक्त तिच्यासाठी होता. माझ्यासाठी नियम असा ठरला की पहिला पॅनकेक नेहमी फाटतो, तो माझा. पुढच्या आठवड्यात पहिला तर फाटायचाच, पण दुसरा आणि कधीकधी तिसराही फाटू लागला. फाटलेल्यावर मध सोडायला हवा, नाहीतर तो खाववत नाही, असं मी नातीला समजावलं. तिनं छताकडे पाहिलं.

बायको रोज दहाला व्हिडिओ कॉल करायची. तिसऱ्या दिवशी तिनं नातीला विचारलं, काय खाल्लं? नात म्हणाली, पॅनकेक. कोणी केले, असा पुढचा प्रश्न आला आणि नातीची मान वर गेली. मी फोन हिसकावून घेतला आणि सांगितलं की सूनबाईनं केले. संध्याकाळी बायकोनं सुनेला फोन करून तोंडभर कौतुक केलं, की नोकरी सांभाळून पहाटे पोरीसाठी एवढं करतेस. सून फोन कानाला लावून माझ्याकडे बघत होती. तिनं मला उघडं पाडलं नाही, काही मागितलंही नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळची भाजी निवडायचं काम माझ्याकडे आलं. चार दिवसांनी चाळणीमागचा तवा तिला सापडला तेव्हा त्यात लसूण सोलायची भर पडली.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण रविवार आला. मुलगा, सून, नात, सगळे घरी. मी जाहीर केलं की आज सगळ्यांचा नाश्ता माझ्याकडे. नुसतं केळं मोठ्या माणसांना कमी गोड लागेल, असं माझ्या मनात आलं, आणि साखर नको असं सुनेनं सांगितलं होतं, गुळाचं नाव घेतलं नव्हतं. मी चांगला पेरूएवढा गूळ किसून पिठात घातला. पहिले चार पॅनकेक उत्तम निघाले. ते रचून, वर केळ्याच्या चकत्या लावून, मी स्वतः बाहेरच्या खोलीत घेऊन गेलो. मुलगा म्हणाला, आबा, तुम्ही निवृत्त होण्याची वाट बघत होता वाटतं. सुनेनं दुसरा मागून घेतला. मी तिथेच उभा राहून कौतुक ऐकत होतो. पाचवा पॅनकेक गॅसवर होता, तो मी विसरलो.

नातीला वास आला. आम्ही दोघं धावलो तेव्हा गुळाचा डांबरासारखा थर तव्यावर बसला होता आणि मधोमध पॅनकेकचा कोळसा. बाहेर मी सांगितलं की पीठ संपलं. तवा खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर ठेवून दिला.

सोमवारी सगळे गेल्यावर मी तो बादलीत बुडवला. गरम पाणी, भांड्यांची पावडर, मूठभर धुण्याचा सोडा. मग तारेची घासणी घेतली. तासभर घासत होतो, नात पाणी ओतत होती. गूळ गेला. गुळाच्या खालचं काळंही गेलं. तवा करडा, लखलखीत झाला, त्यावर सांडशी आपटली तर घंटेसारखा वाजला.

"नवा दिसतो," नात म्हणाली.

मलाही तसंच वाटलं. इतकंच नाही, बायको आल्यावर खूश होईल असंही वाटलं. चौतीस वर्षांत तिला जे जमलं नाही ते मी एका सकाळी करून दाखवलं होतं.

मंगळवारी त्या तव्यावर नारिंगी ठिपके उमटले होते. पुसले, तेल लावलं, पीठ टाकलं. ते असं चिकटलं की खरवडून काढावं लागलं. दुसरं टाकलं, तेही तसंच. नातीनं खुर्चीवर बसून शांतपणे विचारलं, "आबा, आजीचा तवा मेला का?"

मी तिला "नाही" म्हटलं आणि तवा खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. काळा रंग म्हणजे मळ नव्हता. तो तिनं एकेका धिरड्यानं, एकेका तेलाच्या बोटानं बसवला होता, आणि मी तो मोरीत ओतून दिला होता.

स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक डोसेवाला गाडी लावतो. त्याचा तवा मी जाता येता पाहिलेला होता, आरशासारखा काळा. दुपारी मी तिथे जाऊन साधा डोसा मागवला आणि सहज म्हणून विषय काढला, की माझ्या एका मित्रानं बायकोचा बिडाचा तवा घासणीनं घासला. डोसेवाल्यानं हातातली वाटी खाली ठेवली.

"मित्राची बायको कुठे आहे?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, गावाला गेली आहे.

"कधी येणार?"

निदान पंधरा दिवस आहेत, मी म्हणालो. तो म्हणाला, मग मित्र वाचेल, पण आजपासून लागायला सांगा. त्यानं उपाय सांगितला. दोन दिवस तांदळाच्या धुवणात भिजवायचा. मग पुसून, तापवून, तेल लावून धूर निघेपर्यंत ठेवायचा, गार होऊ द्यायचा, पुन्हा तेल, पुन्हा गॅस. मग अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवायचा आणि तव्यावर गोल गोल फिरवायचा. कांदा काळा पडला की दुसरा घ्यायचा. हे रोज, सकाळ संध्याकाळ, कंटाळा न करता. डोशाचे पैसे घेताना त्यानं मला नीट न्याहाळलं आणि मित्राला माझ्याकडून शुभेच्छा सांगा, असं म्हणाला.

आम्ही लागलो. तांदळाचं धुवण नातीनं एका डब्यात साठवायला सुरुवात केली. सून विचारू लागली की हल्ली रोज भात का लावायला सांगता, तर मी म्हटलं पोटाला हलका असतो. सकाळी मुलगा आणि सून निघाले की खिडक्या उघडायच्या, तवा चढवायचा. घरभर जळक्या तेलाचा आणि कांद्याचा वास. दुपारी सून यायच्या आत मी उदबत्त्या लावायचो. चार दिवस उदबत्त्यांचा धूर पाहून तिनं मुलाला विचारलं, की आबांना अचानक देवाचं वेड कसं लागलं? नातीनं एका वहीत तक्ता केला होता. किती वेळा तेल, किती कांदे, तवा किती काळा. काळेपणाला ती दहापैकी गुण द्यायची. पहिल्या दिवशी दोन दिले. पाचव्या दिवशीही तीनच. माझ्या डाळीच्या प्रतवारीवर व्यापारी भांडायचे, पण इतका कडक मीसुद्धा नव्हतो.

तेवढ्यात मुलगी बाळंत झाली. मुलगा झाला, दोघं सुखरूप. बारसं दहा दिवसांवर ठरलं आणि आम्ही सगळ्यांनी धुळ्याला जायचं होतं. त्या संध्याकाळी बायकोचा फोन आला. बाळाचं सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "येतांना मना तवा लई या. आठे एक बी धिरडं धड निंघत नही." तिथल्या तव्यांवर बाळंतिणीला नीट धिरडं करता येत नाही म्हणून तिला स्वतःचा तवा हवा होता.

मी बरं म्हटलं. फोन ठेवायच्या आधी तिनं विचारलं, "मना तवा कसा शे?"

एखाद्या आजारी दिराची चौकशी करावी तसं तिनं विचारलं. मी म्हटलं, "मजामा शे."

उरलेले दहा दिवस आम्ही तव्याची अशी सेवा केली की तेवढी मी माझ्या गुडघ्यांची केली असती तर आज जिना चढलो असतो. तव्याला सहा गुण मिळाले, मग सात. आठव्या दिवशी त्यावर पॅनकेक टाकला, तो थोडा धरला पण निघाला. निघायच्या दिवशी सकाळी नातीनं साडेआठ दिले. तेवढ्यावर आम्ही तो धोतराच्या तुकड्यात गुंडाळला.

एसटीत मी तो मांडीवर घेऊन बसलो. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, मांडी बधिर झाली. सून म्हणाली, वर ठेवा की, पडणार आहे का? मी म्हटलं, नाजूक आहे. सुनेनं त्या पाच किलोच्या बिडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग आपल्या मुलीकडे. मुलगी एसटीच्या छताकडे बघत होती.

धुळ्याला पोचल्यावर बायकोनं आधी तवा घेतला, मग माझी चौकशी केली. गुंडाळी उघडून तिनं तो दोन्ही हातांत तोलला, एकदा बोट फिरवलं आणि ओट्यावर ठेवला. मग ती बाळाकडे गेली. मी आणि नातीनं एकमेकांकडे पाहिलं. सुटलो, असं मला वाटलं.

बारसं छान झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी घरात चौदा माणसं होती. विहीणबाईंनी पोह्याचा घाट घातला. नातीला ताटली दिली तेव्हा ती म्हणाली, मला पोहे नको. विहीणबाई प्रेमळ आहेत, त्यांनी विचारलं, मग काय करू माझ्या बाईला? ती म्हणाली, पॅनकेक. ते कोण करतं गं तुझ्याकडे, असं त्यांनी विचारल्यावर अर्थातच तिची मान वर गेली. बायको कौतुकानं म्हणाली की आमची सून करते ना, पहाटे उठून. आणि मग सुनेनं, महिनाभर गप्प राहिलेल्या माझ्या सुनेनं, चहाचा कप खाली ठेवून शांतपणे सांगितलं, "मी नाही हो आई. आबा करतात."

सगळे हसले. व्याही म्हणाले, मग आज होऊन जाऊ द्या. कोणीतरी मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं. बायको तिथे उभी होती. तिनं हात दाखवून मला अडवलं नाही. तिनं स्वतः तवा गॅसवर ठेवला, गॅस पेटवला आणि बाजूला झाली.

"करा," ती म्हणाली.

भिजवलेली चुरी नव्हती, म्हणून बेसन घेतलं. बारशाच्या ताटांतली केळी होती, डझनभर. गव्हाचं पीठ, दादर, दही. नात पळी घेऊन उभी राहिली. दारात माणसं जमली. पहिला पॅनकेक टाकला, झाकण ठेवलं, काढलं, आणि तो अख्खा सुटून आला. दारातल्यांनी वाहवा केली. माझ्या वाटणीचा फाटका मात्र गेला. दुसऱ्या घाण्याआधी माझा हात आपसूक कांद्याकडे गेला. मी अर्धा कापला, काट्याला टोचला, तेलात बुडवला आणि तव्यावर गोल फिरवला.

तेव्हा बायको बोलली. हळू आवाजात, मला आणि नातीलाच ऐकू जाईल असं.

"तवावर कांदा फिरावनं तुम्ही कव्हय शिकनात?"

कांदा फिरवायला कधी शिकलात, एवढंच तिनं विचारलं होतं. नातीनं छताकडे पाहिलं. मी पाहू शकत नव्हतो, गॅस चालू होता. पीठ टाकत टाकत मी सगळं सांगितलं. सुनेच्या तव्यापासून गुळापर्यंत, बादली, सोडा, तारेची घासणी, डोसेवाला, उदबत्त्या. काही गाळलं नाही.  तिचा चेहरा मी पाहिला नाही. पॅनकेककडे बघत होतो.

तिनं तेलाची वाटी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाली, "काल हातमा लिधा तव्हयच समजनं. पातळ व्हयी गया तो."

हातात घेतला तेव्हाच तिला कळलं होतं. तवा पातळ झाला होता. रात्रभर ती गप्प राहिली होती आणि मी सुटलो म्हणून घोरत पडलो होतो. मी म्हटलं, नवा आणून देतो. तिनं मान हलवली. नव्याला अजून चौतीस वर्षं कोण काढणार, असं तिच्या मनात असेल किंवा नसेल. तिनं फक्त एक पाट ओढला, भिंतीला टेकून बसली आणि ताटली पुढे केली.

मी तिला वाढलं. गरम, तव्यावरून थेट. तिनं मध नको म्हटलं, चिमूटभर तिखट मीठ मागितलं आणि वर तुपाचं बोट लावून खाल्ला. मग दुसरा मागितला. बाहेरून मुलगी ओरडली, आई, आम्हाला पण पाठव. बायको म्हणाली, तुमचे आबा इथे आहेत, त्यांना सांगा. आणि ती उठली नाही. पाट टाकून बसलेली, सगळ्यांच्या आधी, गरम खात असलेली ती, असं मी आमच्या घरात कधी पाहिलं नव्हतं. मी कामाला जाईपर्यंत ती चुलीशी, आणि तिच्या जेवणाच्या वेळी मी मिलमध्ये. हे मला तिथे, तेलाच्या धुरात उभं राहून कळलं, आणि दोन पॅनकेक करपले.

शिक्षा म्हणाल तर तिनं ती मला तिथेच दिली. चौदा माणसांचा नाश्ता मी एकट्यानं केला. व्याही पाच खाऊन म्हणाले की हे मधुमेहाला चालतं ना, मग आणखी एक द्या. पाय भरून आले. पीठ संपलं तेव्हा पावणेअकरा झाले होते आणि नातीनं वहीत तव्याला नऊ गुण दिले. बायकोनं ती वही मागून घेतली, पहिल्या पानापासून वाचली, मध्ये एकदा तोंडाला पदर लावून हसली आणि नातीला विचारलं, की पहिल्या दिवशी दोनच का? नात म्हणाली, कारण तो आरशासारखा चमकत होता, आजी.

आता बायको जळगावला परत आली आहे. रविवारचा नाश्ता माझ्याकडे आहे. तव्याला मी हात लावायचा, पण आवरायचा नाही, ते तिचं. सुनेला नवा तवा आणून दिला. भाजी निवडायचं काम मात्र अजून माझ्याकडेच आहे, ते कसं राहिलं मला कळत नाही.

गेल्या रविवारी मी गॅसपाशी उभा असताना विहीणबाईंचा फोन आला. त्यांना पॅनकेक शिकायचे होते. बायकोनं पाटावर बसल्या बसल्या त्यांना सगळं सांगितलं. केळं चांगलं पिकलेलं घ्या, पीठ दहा मिनिटं ठेवा, दादर कमी घाला. मग माझ्याकडे बघत म्हणाली, "मीच शिकाडं त्यास्ले." म्हणजे मला तिनंच शिकवलं.

सोडा मात्र तिनं चिमटीऐवजी चमचा सांगितला, म्हणजे विहीणबाईंचे पॅनकेक कडू होणार. मी ऐकलं, आणि तिला अडवलं नाही.